झेंडूत ठेवलेलं पिस्तूल

ट्रकमध्ये काय चढवायचं नाही याची एक यादी आमच्या ऑफिसच्या भिंतीवर लावलेली होती. रंगाचे डबे, गॅसच्या टाक्या, ब्लीच, आगपेट्या, कुंडीतली झाडं, पाळीव प्राणी, बंदुकीच्या गोळ्या. माझ्या देशी गिऱ्हाइकांसाठी मी तिच्याखाली पेनाने एक ओळ वाढवली होती : लोणच्याच्या बरण्या. वरच्या सगळ्या वस्तूंनी मिळून माझ्या नोकरीत जेवढं नुकसान केलं नसेल, तेवढं कैरीच्या एका बरणीने एका पांढऱ्या सोफ्याचं केलं होतं.

टेक्ससमधल्या प्लेनोला, घरसामान हलवणाऱ्या एका कंपनीत मी कामाला होते. मोठ्या कंपन्या आपल्या माणसांच्या बदल्या करत, आणि त्या माणसांची फाइल माझ्या टेबलावर येई. ट्रक ठरवायचा, पॅकिंगवाले पाठवायचे, तिकडे घर मिळेपर्यंत तात्पुरता फ्लॅट बघून द्यायचा, शाळांची माहिती काढायची, आणि नवरा-बायको खोक्यांच्या ढिगात उभे राहून भांडायला लागले की मध्ये पडायचं. कंपनीने माझ्या हुद्द्याचं नाव चार वेळा बदललं. शेवटचं नाव इतकं भारदस्त होतं की माझं कार्ड वाचून लोक विचारत, 'म्हणजे तुम्ही नक्की काय करता?' मी सांगे, 'खोकी मोजते.'

खोक्यांचा मला कधी त्रास झाला नाही. राज्याची सीमा ओलांडताना खोकं बदलत नाही. कागद बदलतात. हा देश बाहेरून एक दिसतो, पण घर हलवायला घेतलं की त्याचे पन्नास देश होतात. तुमचं लग्न सगळीकडे चालतं, गाडीचा परवाना काही दिवस चालतो, पण नर्सला नव्या राज्यात परवाना नव्याने घ्यावा लागतो, शिक्षिकेला लागतो, केस कापणारीलासुद्धा लागतो. आणि सगळ्यांत तऱ्हेवाईक प्रकार म्हणजे पिस्तुलाचा.

ज्यांनी कधी पिस्तूल पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टेक्ससमध्ये त्या काळी रीतसर वर्ग करून, निशाणा मारून दाखवून, बोटांचे ठसे देऊन कपड्यांखाली पिस्तूल बाळगण्याचा परवाना मिळत असे. हा परवाना टेक्ससचा. शेजारच्या राज्याने तो मानायचा की नाही हे शेजारचं राज्य ठरवणार. एक मानतं, दुसरं अर्धवट मानतं, तिसरं मानत नाही, आणि ही यादी दर वर्षी बदलते. इलिनॉयमध्ये तर तेव्हा सामान्य माणसाला अंगावर पिस्तूल घेऊन फिरायची सोयच नव्हती, परवाना कुठलाही असो. नुसतं घरातल्या कपाटात ठेवायलासुद्धा राज्याच्या पोलिसांकडून एक ओळखपत्र काढावं लागे. नव्याने राहायला येणाऱ्याला त्यासाठी दोन महिन्यांची मुदत असे.

हे सगळं समजावून सांगणं माझ्या कामात बसत नव्हतं. पण सांगणार कोण? आमच्या व्हर्जिनियातल्या हर्नडनच्या ऑफिसात एक गृहस्थ रोज भांडायला येत. त्यांचं नवं घर जुन्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर होतं, फक्त नदीच्या पलीकडे, मेरीलँडमध्ये. 'मी तोच, पिस्तूल तेच, नदीपण तीच,' असं ते म्हणत. म्हणणं बिनतोड होतं. पण कायद्याने नदीला विचारलेलं नव्हतं.

तर २००५ साली माझ्याकडे अविनाशची फाइल आली. अविनाश मूळचा सांगलीचा, अमेरिकन नागरिक होऊन चार-पाच वर्षं झालेला, प्लेनोच्या एका कंपनीत मॅनेजर. बदली नेपरव्हिलला, म्हणजे शिकागोच्या पश्चिमेला, इलिनॉयमध्ये. सामानाची पाहणी करायला मी त्याच्या घरी गेले. पॅड घेऊन खोल्यांमधून फिरत होते. बेडरूममधल्या कपाटापाशी त्याने मला थांबवलं.

"मेधाताई, हे लिस्टमध्ये नको. हे माझ्याबरोबर येणार." त्याने वरच्या फळीवरून एक काळा प्लास्टिकचा डबा काढला आणि देव्हारा उघडावा तसा उघडला. आत पिस्तूल. त्याच्या शेजारी, वेगळ्या प्लास्टिकच्या पाकिटात, त्याचा परवाना.

"कशासाठी घेतलंत हे?" मी विचारलं.

"सेफ्टी. ऑफिसमधल्या सगळ्यांनी क्लास केला, मीपण केला. पन्नासपैकी सत्तेचाळीस नेम बरोबर."

दारातून त्याची बायको वर्षा म्हणाली, "ताई, घरात झुरळ निघालं की हा पलंगावर चढून मला हाक मारतो. बाहेरच्या जगाचं रक्षण मात्र करतो."

"झुरळावर गोळी घालायची का मग?"

"नेम सत्तेचाळीस ना? घाल की."

मी अविनाशला विचारलं, इलिनॉयचे कायदे बघितलेत का? तो म्हणाला, "लायसन्स आहे ना माझ्याकडे." त्याला टेक्ससने परवाना दिला होता, आणि त्याची समजूत अशी झाली होती की देशाने दिलाय. ही समजूत काढण्यात माझे चार दिवस गेले. तो मला अमेरिकेची राज्यघटना ऐकवी, मी त्याला इलिनॉय ऐकवी. शेवटी मी दोन पानी टिपण केलं. ओक्लाहोमा आणि मिझुरी तुमचा परवाना मानतात, पण सेंट लुईसचा पूल ओलांडला की तुम्ही इलिनॉयमध्ये आहात, तिथे तो कागद बुकमार्क म्हणून वापरा. म्हणून निघतानाच पिस्तूल रिकामं करा, डब्यात घाला, कुलूप लावा, डिकीत ठेवा, गोळ्या वेगळ्या ठेवा. पोचल्या पोचल्या ओळखपत्राचा अर्ज टाका, फॉर्म सोबत जोडला आहे, फोटो मात्र गॉगलशिवाय काढा. या टिपणाचा मला अभिमान होता. आमच्या साहेबांनी ते सगळ्या शाखांना पाठवायचं ठरवलं आणि त्यावर आधी स्वतःचं नाव घातलं.

"ओक्लाहोमा आणि मिझुरीत तर मी कॅरी करू शकतो ना? हक्क आहे माझा," अविनाश म्हणाला.

"ओक्लाहोमात तुम्हाला कोण मारायला टपलंय?"

"प्रिन्सिपलचा प्रश्न आहे, ताई."

प्रिन्सिपल डिकीत गेलं. किल्ली वर्षाच्या पर्समध्ये. सेंट लुईसच्या पुलावरून त्याचा मला फोन आला : "ताई, आता मी सामान्य माणूस झालो."

पण त्याआधी, निघायच्या दोन दिवस अलीकडे, एक गोष्ट घडली होती. तिच्यासाठी मी हे सगळं लिहितेय.

नेपरव्हिलला त्यांच्यासाठी मी जो तात्पुरता फ्लॅट घेतला होता, त्याचा करार मी त्या दिवशी शेवटच्या पानापर्यंत वाचला. त्यात एक कलम होतं : आवारात कुठलंही शस्त्र ठेवायचं नाही. मी अविनाशला फोन केला. त्याच वेळी दुसऱ्या फोनवर आमचा एक ट्रक कॅन्ससमध्ये बंद पडला होता आणि त्यात एका बाईचा पियानो होता. अविनाशने विचारलं, "मग काय करू?" मी एका कानाने पियानो ऐकत म्हणाले, "कुणातरी विश्वासू मित्राकडे ठेवा हो दोन महिने. स्वतःचं घर झालं की घेऊन या."

एवढंच. बावीस वर्षांच्या नोकरीत मी दिलेला सगळ्यांत वाईट सल्ला, आणि तो द्यायला मला दहा सेकंद लागले.

आपली माणसं घर बदलताना काय करतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. एकाच्या गॅरेजमध्ये दुसऱ्याचा पलंग, तिसऱ्याचा टीव्ही, चौथ्याच्या आईने आणलेला पाटा-वरवंटा वर्षानुवर्षं पडलेला असतो. 'ठेव रे तुझ्याकडे' म्हटलं की समोरचा 'हो' म्हणतो, आत काय आहे हे विचारणंही अपमानाचं समजतो. पिस्तुलाच्या बाबतीत हे चालत नाही, एवढं माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

दसरा आला. त्या वर्षी तो कामाच्या दिवशी होता. मी ऑफिसात बसले होते, आणि अविनाशची ईमेल आली. विषय : 'ताई, बघा, परंपरा चालू!' त्याने तिकडच्या मराठी मंडळाच्या ईमेल ग्रुपवर आलेला एक फोटो मला पुढे पाठवला होता. पाटावर लाल कापड, पाटी, वह्या, एक लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या, भोवती झेंडूची फुलं. आणि मधोमध, हळदकुंकू लावलेलं, अविनाशचं पिस्तूल. खाली मजकूर : 'मंदार आणि प्राजक्ताकडून सर्वांना विजयादशमीच्या शुभेच्छा.' फोटो मंडळातल्या सगळ्या घरांना गेला होता.

मंदार हा अविनाशचा नेपरव्हिलमधला विश्वासू मित्र; पोचल्या पोचल्या अविनाशने डबा त्याच्याकडे ठेवला होता. नागपूरचा, तिशीतला, सॉफ्टवेअरमध्ये. मी अविनाशला फोन लावला.

"मंदारचा व्हिसा कुठला आहे?"

"एच-वन. का? ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे त्याचं, चार वर्षं झाली. फुलं काय मस्त आहेत ना?"

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांना सांगते. नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला या देशात बंदूक जवळ बाळगायला केंद्राचा कायदाच मनाई करतो. राज्य कुठलंही असो. शिकारीचा परवाना असेल तर सूट वगैरे एक-दोन अपवाद आहेत, पण मंदारने आयुष्यात डासाशिवाय कशाची शिकार केली नव्हती. बाळगणं म्हणजे विकत घेणंच असं नाही, दुसऱ्याची आपल्या कपाटात ठेवणंही त्यात येऊ शकतं. शिवाय इलिनॉयचं ते ओळखपत्रही त्याच्याकडे नव्हतं. म्हणजे एका डब्यात राज्याचा गुन्हा आणि देशाचा गुन्हा, आणि त्याचा हळदकुंकू लावून काढलेला पुरावा. ग्रीन कार्ड तर गेलंच असतं, माणूस नागपूरला परत गेला असता आणि पुन्हा आत आला नसता.

"अविनाश, आत्ताच्या आत्ता तिकडे जा आणि ते तुमच्या हाताने बाहेर काढा."

"मीटिंगमध्ये आहे मी, ताई."

"सोडा मीटिंग."

"कुणी बघत नाही हो एवढं."

"अख्खं मंडळ बघतंय! तुम्हीच मला पाठवलंत!"

तो हळू आवाजात म्हणाला, "ताई, पण तुम्हीच म्हणालात ना, विश्वासू मित्राकडे ठेवा?"

मी म्हणाले, "हो. म्हणाले. आता निघा."

शस्त्रांचं परवानाधारक दुकान पैसे घेऊन पिस्तूल सांभाळायला ठेवून घेतं, हे मला त्या हर्नडनच्या नदीवाल्या गृहस्थांमुळे माहीत होतं. तसं एक दुकान मी शोधून दिलं. अविनाशची दोन महिन्यांची मुदत अजून चालू होती, म्हणून तो स्वतः ते रिकामं, कुलूपबंद करून नेऊ शकत होता. मंदारने त्याला हात लावायचा नाही.

मग मी मंदारच्या घरी फोन केला. फोन प्राजक्ताने घेतला. मी कोण ते सांगितलं आणि डब्याबद्दल विचारलं.

"अय्या, तो डबा! मला तर महिनाभर वाटलं ड्रिल मशीन आहे. आज सकाळी याने उघडला तेव्हा कळलं. यार, मी त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवत होते!"

मंदार फोनवर आला तेव्हा मी त्याला शांतपणे सगळं सांगितलं. आधी तो हसला. "ताई, घरात खरं शस्त्र असताना मी पूजेला स्क्रू ड्रायव्हर ठेवू का? अविनाशदादानेच सांगितलं, दरवर्षी मी करतो, या वर्षी तू कर म्हणून किल्लीपण दिली." मग मी व्हिसाचं सांगितलं. तेव्हा तो म्हणाला, "माझं चार वर्षांचं प्रोसेस आहे, ताई. प्राजक्ताचं कार्डपण माझ्याच अर्जावर आहे." आणि लगेच, "मी सगळ्यांना मेल टाकतो, डिलीट करा म्हणून."

"काही टाकू नका. वकिलाला विचारल्याशिवाय एक अक्षर टाकू नका."

मंदारच्या वकिलाने तेच सांगितलं. डबा मालकाने न्यायचा. कुणाला काही पुसायला सांगायचं नाही. कुणी अधिकाऱ्याने कधी विचारलं तर खोटं बोलायचं नाही, आधी वकिलाला फोन करायचा. आणि बाकी वाट बघायची. या शेवटच्या सल्ल्याचीही त्याने फी घेतली.

संध्याकाळपर्यंत डबा दुकानात पोचला. मंडळाच्या ग्रुपवर दोन दिवसांत जी उत्तरं आली ती अविनाश मला पुढे पाठवत होता. मी एकेक ईमेल उघडून आधी त्यात 'पिस्तूल' हा शब्द शोधत होते. 'झेंडू कुठे मिळाला? आमच्याकडे इंडियन स्टोअरमध्ये संपला.' 'होलसेल फ्लॉवर मार्केटला मिळतो, सकाळी सातच्या आत जा.' 'प्राजक्ता, रांगोळी सुंदर.' एका ज्येष्ठ काकांनी तीन परिच्छेद लिहिले होते, की शस्त्रपूजा खंडेनवमीला करतात, दसऱ्याला नव्हे, आणि हल्लीच्या पिढीने निदान पंचांग तरी बघावं. त्यावर दुसऱ्या काकांनी पाच परिच्छेद लिहिले. पुढची पंधरा उत्तरं त्या वादात गेली. पिस्तुलाबद्दल एकाच माणसाने विचारलं : 'खरं आहे का रे, की खेळण्यातलं?' त्याला कुणी उत्तर दिलं नाही, कारण तोपर्यंत नवमी-दशमी रंगात आली होती. मराठी माणसाच्या वादाच्या आवडीचे मी आयुष्यात तेव्हा एकदाच आभार मानले.

पण मंदारला ते हसण्यावारी नेता येत नव्हतं. त्याचा अर्ज सरकारी फायलीत पडून होता, आणि तो फोटो किती जणांच्या इनबॉक्समध्ये आहे हे त्याला माहीत होतं. दर दोन-तीन महिन्यांनी त्याचा फोन यायचा. "ताई, काही होणार नाही ना?" मी म्हणे, "काही होणार नाही." हे मी कशाच्या जोरावर म्हणत होते, मला माहीत नाही. एकदा म्हणाला, "मंडळात कुणाशी वाकडं घ्यायची भीती वाटते हो. गणपतीच्या कमिटीत मला जेवणाचं काम दिलं, मी निमूटपणे केलं. काकांनी भजी तेलकट आहेत म्हटलं, तर मी सॉरी म्हटलं." भजी त्याने तळलेली नव्हती.

मी माझ्या परीने एक केलं. आमच्या त्या प्रसिद्ध टिपणात एक प्रश्न वाढवला : 'शस्त्र कुणाकडे ठेवणार असाल, तर ती व्यक्ती कोणत्या व्हिसावर आहे?' आमच्या कायदा विभागाने तो प्रश्न खाजगी स्वरूपाचा म्हणून काढून टाकला. त्याच वर्षी त्याच टिपणासाठी आमच्या साहेबांना एक चषक मिळाला, पितळी, खाली लाकडी बैठक असलेला. समारंभात त्यांनी 'सीमा ओलांडताना विश्वास जपणं' या विषयावर वीस मिनिटं भाषण केलं. मी मागच्या रांगेत बसून केक खाल्ला. प्रश्न मी पुढे तोंडी विचारत राहिले. लोक चिडत. एका भल्या माणसाने विचारलं, "मावशी, तुम्ही सामान हलवता की इमिग्रेशनमध्ये आहात?" मी म्हणाले, "दोन्ही. पगार एकाचाच."

अविनाशचं ओळखपत्र आलं, घर झालं, पिस्तूल दुकानातून घरी आलं आणि कपाटात गेलं. अंगावर बाळगता येत नाही म्हटल्यावर त्याचा त्यातला रस हळूहळू कमी झाला. वर्षाने मला सांगितलं की तो आता गोल्फ खेळतो. "सत्तेचाळीस नेम तिकडे काही उपयोगी पडत नाहीत, ताई. चेंडू तळ्यात जातो."

२००८ च्या उन्हाळ्यात मंदारचं ग्रीन कार्ड आलं. त्याने मला ऑफिसात फोन केला आणि बोलता बोलता रडला. मी त्याला दटावलं, कारण मलाही तेच होत होतं आणि समोर गिऱ्हाईक बसलं होतं. त्याने विचारलं, "आता सुटलो ना, ताई?" मी म्हणाले, "सुटलात." या वेळी मला माहीत होतं.

त्या वर्षी दसऱ्याला त्याची ईमेल आली. या वेळी ग्रुपला नाही, फक्त मला. मी बराच वेळ ती उघडलीच नाही. मग उघडली. पाट, लाल कापड, झेंडू, लॅपटॉप, गाडीची किल्ली. आणि मधोमध, हळदकुंकू लावलेलं, त्याचं ग्रीन कार्ड. आपट्याची पानं तिकडे मिळत नाहीत, म्हणून अंगणातल्या कुठल्यातरी झाडाचं एक पान त्याने कार्डावर ठेवलं होतं, बरोबर नंबर झाकला जाईल असं. खाली लिहिलं होतं : 'ताई, शिकलो की नाही?'

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नंबर झाकलेला होता. नाव, जन्मतारीख, फोटो आणि बोटाचा ठसा, चारही अगदी स्वच्छ दिसत होते. मी फोन उचलला.